स्ट्रायकर की फिजिओ

त्या मोसमात आम्ही इतके सामने हरलो, की माझ्या मुलीने निकाल विचारणंच सोडून दिलं. सुरुवातीला मी घरात पाऊल टाकलं की ती आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "लूज अगेन आह?" मी मान हलवली की पुन्हा आपल्या चित्रात रंग भरायला लागायची. पुढे पुढे मी दाराशी चपला कशा काढते यावरूनच तिला कळायला लागलं.

दोन हजार दहानंतरचं ते दशक अर्धंअधिक सरलं होतं. मी सिंगापूरमधल्या एका छोट्या व्यावसायिक फुटबॉल क्लबात फिजिओ होते. शिक्षण पुण्यात झालं होतं. इथे आल्यावर काही वर्षं एका हॉस्पिटलात पडझड झालेल्या आजी-आजोबांना पुन्हा चालायला शिकवलं आणि मग क्लबाची जाहिरात पाहून अर्ज केला. क्रिकेट सोडून दुसऱ्या एखाद्या खेळात माणसाला दरमहा पगार मिळतो, हे पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत पटलं नाही. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सून खेळाडूंच्या दवाखान्यात असते. मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण फारसं चुकीचंही नव्हतं.

नवरा विद्यापीठात संशोधक होता आणि त्याचाही करार वर्षावर्षाचाच होता. आम्ही क्लेमेंटीला एका हाउसिंग ब्लॉकमध्ये भाड्याने राहायचो. इथे राहायचा-काम करायचा माझा पास माझ्या नोकरीला बांधलेला, त्याचा त्याच्या. दोघांपैकी एकाची तरी नोकरी टिकली तर घर टिकतं, एवढा हिशेब आम्हाला पाठ होता. त्यावर रोज बोलत बसण्याची गरज वाटत नसे.

आमचं मैदान हाउसिंग ब्लॉक्सच्या मधोमध होतं. सामना चालू असताना वरच्या मजल्यांवरचे लोक काठीला कपडे वाळत घालता घालता खेळ बघायचे. आम्ही गोल खाल्ला की त्यातले काही जण आत निघून जायचे. स्टँडच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती, ती माझी. एक मालिश करायचं टेबल, टेपचे रोल, रबरी पट्टे, आणि कोपऱ्यात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं मोठं निळं पिंप. त्यात बर्फ टाकला की झाली आमची बर्फाची आंघोळ. शेजारची खोली मॅनेजरची. मधली भिंत पातळ होती, पण शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज यायचा.

सगळ्यात आधी माझ्या खोलीत येणारा माणूस म्हणजे आमचा कॅप्टन. मधल्या फळीच्या मागे उभा राहून बचाव करणारा, तिशी कधीच ओलांडलेला मलय गडी. यिशुनला बायको आणि दोन मुलग्यांबरोबर राहायचा. बायको बालवाडीत शिकवायची. मला तो 'डॉक' म्हणायचा. मी डॉक्टर नाही हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "बरं डॉक." मग मी नाद सोडला. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, आणि त्याचं इंग्रजी इथल्या पद्धतीचं होतं, कमी शब्दांचं आणि सरळ.

त्याचा उजवा गुडघा जुना आजारी होता. तो दुखतोय असं मात्र तो कधी म्हणायचा नाही. टेबलावर बसायचा, पाय लांब करायचा आणि म्हणायचा, "आज बोलतोय." कधी म्हणायचा, "आज गप्प आहे." गप्प असलेले दिवस त्या वर्षी कमी झाले होते. मी सूज बघायची, बोटांनी चाचपायची, टेप लावायची. तो समोरच्या भिंतीवरच्या डागाकडे बघत बसायचा. मग उठून मैदानावर जायचा आणि दीड तास त्या गुडघ्याचं अस्तित्वच नसल्यासारखा धावायचा.

आमच्या लीगमध्ये बहुतेक खेळाडूंचे करार एका मोसमाचे असायचे. त्यामुळे वर्षाचे शेवटचे दोन महिने सगळ्यांचं वागणं बदलायचं. एरवी उशिरा येणारे वेळेवर यायचे. कोचच्या विनोदांना मोठ्याने हसू यायचं. आणि माझ्या खोलीसमोरची रांग नाहीशी व्हायची. मार्चमध्ये नख दुखलं म्हणून येणारी मुलं ऑक्टोबरमध्ये लंगडत असतानाही म्हणायची, मी एकदम ठीक आहे. मला मग दारात उभं राहून, ती मैदानावरून परत येताना कोणता पाय कसा टाकतात, ते बघावं लागायचं.

त्या वर्षी काळजी नेहमीपेक्षा जास्त होती. आम्ही तळाला होतो. मोठ्या प्रायोजकाने पुढच्या वर्षी येणार नाही असं कळवलं होतं. परदेशी खेळाडू किती घ्यायचे आणि तरुण किती खेळवायचे, याचे नियमही बदलणार असं कानावर येत होतं. म्हणजे आहेत त्यातले निम्मे तरी जाणार, हे कोणी न सांगता सगळ्यांना माहीत होतं.

मॅनेजर पन्नाशीची चिनी सिंगापुरी बाई होती. आधी बँकेत होती, मग भावाच्या ओळखीने क्लबात आली आणि राहिली. फुटबॉल तिला फारसं कळत नसे आणि कळतं असा आव तिने कधी आणला नाही. एका दुपारी तिने मला बोलावलं. प्रत्येक खेळाडूबद्दल माझं मत हवं होतं: पुढचा पूर्ण मोसम खेळू शकेल, काही बंधनं पाळून खेळेल, की नाहीच. क्लबशी करार करताना सगळे खेळाडू तपासण्यांचे निकाल क्लबाला कळवायला संमती देत असत, त्यामुळे यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कॅप्टनच्या गुडघ्याचं एमआरआय त्याच आठवड्यात झालं होतं. मी म्हटलं, त्याचा निकाल मी आधी त्याला सांगेन आणि मग तुम्हाला. तिने होकार दिला.

मी उठायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "आणखी एक आहे. बसा."

मी बसले.

"पुढच्या वर्षी एकाच पगाराची जागा उरते. कोचना बाहेरचा, गोल करणारा एक चांगला स्ट्रायकर हवाय. तो घेतला तर पूर्णवेळ फिजिओ परवडत नाही. फिजिओ ठेवला तर स्ट्रायकर नाही. हे तुमच्यापासून लपवून तुमच्याकडून बाकीच्यांची मतं घेणं मला बरोबर वाटेना."

मी तिचे आभार मानले, हे मला चांगलं आठवतं. मग तिने विचारलं, तुमचं काय मत आहे? आपण का हरलो असं तुम्हाला वाटतं?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. वर्षभर आमचे चार-पाच जण कायम दुखापतीत होते, सरावाचं मैदान दगडासारखं होतं, आणि मी नसते तर ते चार-पाच आठ झाले असते. हे सगळं खरं होतं. पण ते माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं, तर ते माझ्या नोकरीसाठीच बोलल्यासारखं झालं असतं. मलाच ते वेगळं करता येईना. मी म्हटलं, यात माझं मत घेऊ नका, दुसऱ्या कोणाला विचारा.

"कोणाला?"

"कॅप्टनला. तो रोज माझ्या टेबलावर असतो आणि रोज मैदानावरही असतो."

ती म्हणाली, ठीक आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी मी कॅप्टनला निकाल सांगितला. सराव नुकताच सुरू झाला होता आणि विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला. इथे आभाळात दूर कुठे वीज कडाडली तरी मैदान रिकामं करावं लागतं. सगळे छपराखाली आले. तरुण मुलं मोबाइल काढून बसली. कॅप्टन बाकाच्या टोकाला एकटाच बसला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, एमआरआय आलंय. मैदानाकडे बघतच त्याने ते ऐकून घेतलं. गुडघ्यातली कूर्चा बरीच झिजली होती, एका जागी जवळजवळ उरलीच नव्हती. ऑपरेशनने थोडा आराम पडला असता, पण ती जागा भरून आली नसती.

"मॅनेजरला काय सांगणार?" त्याने विचारलं.

"एक सामना सोडून एक खेळू शकतो. सराव आठवड्यातून दोनदाच. अर्धं वर्ष निघेल. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

तो म्हणाला, "मी तुझा भाऊ असतो, तर काय सांगितलं असतंस?"

"थांब म्हटलं असतं. आत्ताच."

"आणि भावाने ऐकलं असतं?"

"नाही."

तो हसला. मलाही हसू आलं. न ऐकणाऱ्या माझ्या भावाचा चेहरा खरोखरच डोळ्यांसमोर आला होता. मग तो जरा गंभीर झाला आणि म्हणाला, की हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीही त्याला कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं, प्रत्येक जण 'बघू या' म्हणायचा. धोका टळल्याचा भोंगा वाजला, मैदान पुन्हा खेळायला खुलं झालं. तो उठला आणि धावत गेला. त्या दिवशी त्याने सगळ्यांच्या पुढे राहून सराव केला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सराव संपल्यावर त्याने मला कॉफी प्यायला बोलावलं. मैदानापलीकडे खाण्यापिण्याच्या स्टॉल्सचं हॉकर सेंटर होतं. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही अधूनमधून बसायचो. त्याच्यासमोर बिनदुधाची बिनसाखरेची काळी कॉफी, माझ्यासमोर दुधाचा चहा. त्याने चमचा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मॅनेजरने मला विचारलं, डॉक."

"मीच तिला सांगितलं होतं."

"माहीत आहे. मी स्ट्रायकर म्हणालो."

मी चहा ढवळत राहिले. तो आधीच ढवळून झाला होता.

त्याने मग आपली बाजू सांगितली. आम्ही एका गोलाने हरलेले सामने त्याला एकेक करून आठवत होते. मागचे चौघे पूर्ण वेळ उभे राहतात, चेंडू पुढे देतात, आणि तो परत येतो. पुन्हा देतात, पुन्हा परत येतो. शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलत नाहीत, आणि तिथेच गोल बसतो. "तुझं काम चांगलं आहे," तो म्हणाला. "तू नसतीस तर मी जूनमध्येच संपलो असतो. पण आपण गोल करत नाही. फिजिओ गोल करत नाही." मग म्हणाला, "तू माझं मला आधी सांगितलंस. म्हणून मीही तुला आधी सांगतोय. दुसऱ्याकडून कळायला नको."

मी म्हटलं, बरं केलंस. ते मनापासून म्हटलं होतं, पण आवाज तसा निघाला नसावा, कारण त्याने मला दुसरा चहा हवा का असं दोनदा विचारलं.

परतीच्या एमआरटी मेट्रोत मला बसायला जागा मिळाली, तरी मी दाराशी उभी राहिले. राग नव्हता. राग यावा असं त्याने काही केलंच नव्हतं. पण लागलं होतं, आणि लागल्याची लाजही वाटत होती. दोन वर्षं त्या माणसाचा गुडघा माझ्या हातांत होता. त्याने बाजू घ्यावी अशी अपेक्षा मी कधी बोलून दाखवली नव्हती, पण ती होती. ती आत बसलेली होती हे मला त्या दिवशीच कळलं.

घरी नवरा भाजी चिरत होता. मी सगळं सांगितलं. तो चिडेल, माझ्या वतीने दोन शब्द बोलेल, असं वाटलं होतं. त्याने सुरी थांबवली आणि विचारलं, "तो म्हणतो ते खरं आहे का?"

"हो."

"मग?"

"मग काही नाही. लागलं."

"ते लागणारच," तो म्हणाला, आणि दुधी भोपळ्याची फोड माझ्या हातावर ठेवली, कडू आहे का बघ म्हणून. कडू नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन नेहमीच्या वेळी आला, टेबलावर बसला, पाय लांब केला. "आज बोलतोय," म्हणाला. मी नेहमीसारखी सूज बघितली. हातांना त्या गुडघ्याची इतकी सवय झाली होती, की मनात काय चाललंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. टेप गुंडाळून होईपर्यंत मन बरंचसं ताळ्यावर आलं. त्यालाही हे कळलं असावं. जाताना त्याने, कधी करत नसे असं, टेबलावरची चादर सरळ केली.

निर्णयाची बैठक मॅनेजरच्या खोलीत झाली. कोच, ती आणि मी. कोच हा कमी बोलणारा, स्वतः जुना खेळाडू असलेला माणूस. त्याने बाकीच्या सगळ्या बाबतीत माझं म्हणणं मान्य केलं आणि कॅप्टनच्या बाबतीत अडून बसला. त्याला कॅप्टन पूर्ण वर्ष हवा होता. तो म्हणाला, ही मुलं माझं ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात. मी म्हटलं, ऐकतील, पण तो पूर्ण वर्ष धावू शकणार नाही. कोच म्हणाला, गेल्या वर्षीही असंच म्हणाली होतीस. ते खरं होतं. मी म्हटलं, गेल्या वर्षी अंदाज होता, या वर्षी चित्र आहे. मग त्याने ते चित्र बघायला मागितलं. मी त्याला दाखवलं, कुठे पांढरी रेघ असायला हवी आणि कुठे ती नाही. कोच बराच वेळ बघत राहिला. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं, आणि मग पूर्ण वर्षाचा हट्ट सोडला.

मॅनेजरने तोडगा काढला. कॅप्टनशी अर्ध्या वर्षाचा करार, मोसमाच्या मधल्या सुट्टीपर्यंत, आणि पुढचं तेव्हा बघायचं. कोचला तो अपमान वाटला. इतक्या वर्षांच्या माणसाला अर्धा करार कसा द्यायचा? ती म्हणाली, आपण इथे बसून त्याच्या मानापमानाचं ठरवू नये, त्याला विचारू. कॅप्टनने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी येऊन सही केली. नंतर मला म्हणाला, की बायकोने एवढंच विचारलं होतं, न खेळता अर्धं वर्ष घरात काढशील का, आणि त्याने नाही म्हटल्यावर तिने पेन आणून दिलं.

माझ्याबद्दल त्या बैठकीत कोणी बोललं नाही. शेवटी कोच उठून गेला आणि मॅनेजर म्हणाली, स्ट्रायकरचं ठरलंय. मी म्हटलं, कळलं मला. मग तिने जे सांगितलं ते अनपेक्षित होतं. बिशानला एका हाडांच्या डॉक्टरांचं क्लिनिक होतं. तिथे ती स्वतःच्या खांद्यासाठी जायची. त्यांना खेळाडूंच्या दुखापतींची जाण असलेली फिजिओ हवी होती. तिने त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं: क्लिनिकने मला नोकरीवर घ्यायचं आणि सामन्याच्या दिवशी आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी क्लबाला द्यायचं. त्या बदल्यात क्लिनिकचं नाव मैदानाच्या कडेच्या फळीवर लागेल. "तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुमचा पास रद्द करायचा कागद माझ्या हातून जाऊ नये असं वाटलं." बँकेतल्या सवयीने तिचा चेहरा कोरा होता. मी घरी जाऊन विचार करते म्हटलं, पण विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

खेळाडूंना सांगण्याचा दिवस मला त्या सगळ्या काळातला सगळ्यात जड वाटला. एकेकाला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं जायचं. पातळ भिंतीतून आवाज यायचा, तिचा थोडा, समोरच्याचा जवळजवळ नाहीच. बाहेर पडल्यावर त्यांना कुठे जायचं सुचायचं नाही, मग ते माझ्या खोलीत यायचे. काम काहीच नसायचं. कोणी वजनकाट्यावर उभा राहायचा, कोणी रबरी पट्टा ताणून बघायचा. उजव्या बाजूचा आमचा बचावपटू, इथलाच तमिळ मुलगा, नुकतंच लग्न झालेला, म्हणाला की काकांचा एसी दुरुस्तीचा धंदा आहे, तिथे जाईन. मग म्हणाला, शिडीवर चढायला घोटा चालेल ना? मी घोटा तपासला आणि चालेल म्हटलं. खरं तर तपासायची गरज नव्हती. पण त्याला तपासून हवा होता.

आमचा जपानी मध्यरक्षक सगळ्यात शेवटी आला. दोन वर्षं तो इथे एकटा राहिला होता, एका खोलीत, भात शिजवायच्या कुकरवर सगळा स्वयंपाक करून. त्याचा करार वाढवला नव्हता, म्हणजे पासही संपणार होता. दारात उभा राहून त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, सगळ्यासाठी धन्यवाद. मग त्याने विचारलं, अर्धा उरलेला टेपचा रोल घेतला तर चालेल का, पुढे कुठल्या क्लबाच्या निवड चाचणीला जावं लागलं तर असावा म्हणून. मी त्याला नवीन रोल दिले, हातात बसतील तेवढे. तो नको नको म्हणत होता. मी त्याच्या बॅगेत कोंबून चेन लावली.

नवा पास यायला काही आठवडे लागले. त्या काळात मी रोज मेल उघडून बघायचे आणि नवरा मुद्दाम विचारायचा नाही. त्याचा करार आणखी एका वर्षाने वाढला. माझा पास त्यानंतर आला. त्या रविवारी आम्ही तिघं बाहेर जेवायला गेलो आणि मुलीला हव्या त्या दोन गोष्टी मागवू दिल्या.

बिशानचं क्लिनिक एमआरटी स्टेशनपासून जवळ होतं. खिडकीतून झाडं दिसायची, बर्फ मशीनमधून यायचा, आणि पेशंट दुखतंय असं स्वतःहून सांगायचे. काम चांगलं होतं. तरी पहिले दोन महिने मी मनाने त्या बिनखिडकीच्या खोलीतच होते. मंगळवारी आणि गुरुवारी क्लबात गेले, की मधल्या दिवसांत साचलेली दुखणी रांगेत उभी असायची. जे स्नायू पहिल्या दिवशी हाताखाली आले असते तर आठवड्यात सुटले असते, त्यांना तीन आठवडे लागायचे. हे मी आधीच सांगू शकले असते. दुसरीकडे, नवा स्ट्रायकर खरोखर गोल करत होता. पूर्व युरोपातला, उंच, कायम घामाने निथळणारा माणूस. इथल्या उकाड्याला तो इतका वैतागलेला असायचा, की सामना लवकर संपावा म्हणून गोल करतो असं मुलं म्हणायची. एका गोलाने हरायचे ते सामने आम्ही बरोबरीत सोडवायला लागलो. कॅप्टनचं म्हणणं बरोबर ठरलं होतं. माझं म्हणणंही बरोबर होतं. दोन्ही एकदमच बरोबर असू शकतं, याची मला त्यापूर्वी कल्पना नव्हती.

कॅप्टन एक सामना सोडून एक खेळत होता. न खेळणाऱ्या दिवशी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून इतकं बोलायचा, की पंच त्याला अधूनमधून गप्प बसवायचे. मधली सुट्टी जवळ आली, तेव्हा कोचला त्याचा करार वाढवायचा होता. प्रायोजकाच्या जागी छोटे दोन मिळाले होते, शक्य होतं. त्याआधीच एका सकाळी कॅप्टन बिशानला क्लिनिकमध्ये आला, रीतसर वेळ घेऊन. टेबलावर बसला, पाय लांब केला, खिडकीतून झाडं बघितली.

"काल रात्री धाकट्याला झोपवायला उचलून घेतलं," तो म्हणाला. "जिना चढताना थांबावं लागलं. एकाच मजल्याचा जिना."

मी गुडघा चाचपला. सूज फार नव्हती. तेच जास्त वाईट होतं, कारण सुजेला निदान उतरवता येतं.

"तू काही सांगू नकोस," तो म्हणाला. "मी ठरवून आलोय. फक्त कोचला आधी कोणी सांगायचं?"

"तू."

"हो. मीच," तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडून व्यायाम नीट समजावून घेतले, आता खेळण्यासाठी नव्हे, जिन्यासाठी.

त्याचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. वरच्या मजल्यांवर नेहमीपेक्षा जास्त लोक उभे होते. बायको-मुलं यिशुनहून आली होती, माझा नवरा आणि मुलगीही आली होती. सामना बरोबरीत चालला होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना कोचने त्याला बाहेर बोलावलं, लोकांना उभं राहून टाळ्या वाजवता याव्यात म्हणून. टाळ्या वाजल्या. कॅप्टनने हात वर केला, कॅप्टनपणाचा पट्टा काढून दुसऱ्याच्या दंडावर बांधला आणि रेषेबाहेर येऊन कोचवर चांगलाच भडकला. आम्हाला कॉर्नर मिळाला होता, म्हणजे कोपऱ्यावरून चेंडू थेट गोलसमोर येणार होता, आणि त्याला डोकं लावायला तोच लागायचा. कोच शांतपणे म्हणाला, लोक उभे होते. कॅप्टन म्हणाला, लोक नंतरही उभे राहिले असते. तो कॉर्नर वाया गेला आणि सामना बरोबरीतच सुटला.

नंतर आम्ही सगळे समोरच्या हॉकर सेंटरमध्ये बसलो. त्याच्या मुलांनी आणि माझ्या मुलीने एका टेबलाखाली आपलं काहीतरी चालवलं होतं. तो अजून त्या कॉर्नरबद्दलच बोलत होता. चेंडू कसा आत आला होता, त्याने कुठून धाव घेतली असती, बचावातला कोण झोपला होता. त्याच्या बायकोने त्याच्यासमोर भाताची ताटली सरकवली. त्याने ती बाजूला केली आणि मिठाची बाटली, चमचे, माझा चहाचा कप घेऊन टेबलावर सगळे खेळाडू मांडले. माझा कप गोलकीपर झाला. माझ्या नवऱ्याला फुटबॉल अजिबात कळत नाही, पण तो पुढे वाकून मन लावून ऐकत होता. भात निवत चालला होता. मी कप परत मागितला नाही.